हात स्पष्ट दिसत नाहीत

थांबवलेल्या चित्रात आईच्या उजव्या हाताला बोटं नव्हती. चेहरा स्वच्छ होता. चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोराही दिसत होता. पण छातीकडून गळ्याकडे जाणाऱ्या हाताच्या जागी नुसता करडा पट्टा होता, ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसा.

ताईला कारण ठाऊक होतं. व्हिडिओ पाठवताना फोन फाइल लहान करतो. जे स्थिर असतं ते जपतो आणि जे झपकन हलतं त्यात काटकसर करतो. तोंडानं बोलणाऱ्यांच्या घरात त्यानं फारसं बिघडत नाही. आई जन्मापासून बहिरी. ती हातांनीच बोलायची. इथे पट्टा म्हणजे गिळलेला शब्द.

हा व्हिडिओ आईनंच हट्टानं काढून घेतला होता, हात चालत होते तेव्हा. स्नायूंचा आजार होता आणि तो हातांपासूनच सुरू झाला. मुलांना सांगायचं ते ती थोडं थोडं सांगायची, दमायची, थांबायची. ते थांबे कापून ताईनं सगळं सलग जोडलं होतं. आता आई दवाखान्यात होती, बहुतेक वेळ ग्लानीत, आणि तिचा श्वास अपुरा पडत चालला होता. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची, मशीनवर ठेवायचं की नाही, हे दोघा भावंडांनी एकमतानं सांगा, असं डॉक्टरीणबाई रोज म्हणत होत्या. व्हिडिओत आईनं त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. नळी नको.

धाकट्याचं दुसऱ्या गावात टायरचं दुकान होतं. ताईनं त्याला फोनवर सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तू सांगतेस ते तुझं झालं. मला आईकडून कळू दे." म्हणून तिनं व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, हात स्पष्ट दिसत नाहीत.

तिनं ते जसंच्या तसं खरं मानलं. तिची नोकरी पाण्याचे नमुने तपासायची. नमुना गढूळ आला की तो पुन्हा गाळायचा, हे अंगवळणी पडलेलं. तिनं मोठी फाइल बनवून लिंक पाठवली. तर म्हणे टीव्हीवर अडखळतं, हात कळतच नाहीत. मग तिनं मूळ चित्रीकरणाचाच आकार ठेवला, सेकंदाला तितकीच चित्रं ठेवली, हलणाऱ्या हातांसाठी भरपूर जागा दिली आणि जुना टीव्हीही उघडेल असा प्रकार निवडला. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लावून पाहिलं, प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. तिथल्या सहकाऱ्यानं विचारलं, मॅडम, यात आवाजच नाही, मग फाइल एवढी जड कशी?

"बडबड खूप आहे त्यात," ती म्हणाली.

पेनड्राइव्ह पर्समध्ये घालून ती स्वतःच त्याच्या घरी गेली.

"लॅबमधून पास करून आणलास वाटतं?" धाकटा म्हणाला. त्याच्या हातांना टायरचं काळं लागलेलं होतं. तो हात धुवायला गेला तो येईचना. नळ वाहत राहिला. शेवटी त्याच्या बायकोनं हाक मारली, "अहो, ताई खोळंबल्यात."

तो येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. पडद्यावर आई जवळजवळ खऱ्याएवढी दिसत होती. तिनं आधी स्वतःच्या कानाची पाळी ओढली. तान्हा असताना झोप आली की धाकटा कान ओढायचा; आईच्या हातात तेच त्याचं नाव झालं होतं. मग तिनं त्याला झापलं. केस काप, पोट आवर, बायकोशी नीट बोल. बायको हसली आणि तिनं लगेच पदर डोळ्यांना लावला.

आईचा हात छातीवरून गळ्याकडे निघाला. या खेपेला बोट न् बोट सुटं दिसत होतं. गळ्यावर नळीची खूण, मग आडवा पंजा. नको. दमले मी.

ताईनं रिमोटनं चित्र थांबवलं. "आता दिसतंय ना?"

धाकट्याची मान खाली होती. हात उचलला जायच्या जरा आधीच ती खाली गेली होती, हे तिनं पाहिलं होतं. पुढे काय येणार हे ठाऊक असलेला माणूसच इतक्या अचूक वेळी मान खाली घालतो.

"तू बघितलंच नाहीस," ती म्हणाली.

"पहिल्यांदाच कळलं होतं गं. फोनवरच. तिचे नुसते खांदे दिसले तरी कळतं मला, ती काय म्हणतेय ते."

"मग मला कशाला पळवलंस?"

"तू नवीन पाठवायचीस. म्हटलं, ही पाठवतेय तोवर आपल्याला काही बोलावं लागणार नाही."

ती रागवायला गेली, पण राग आला नाही. फाइल तयार होताना पडद्यावर सरकणारी पट्टी बघत बसणं तिलाही बरं वाटायचं. तेवढा वेळ आईचं काम चालू असायचं.

धाकट्याची बायको उठून आत गेली आणि तिनं उघडा राहिलेला नळ बंद केला. धाकट्यानं अंगठ्यानं कानाची पाळी चोळली, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"डॉक्टर, ताई माझ्याजवळच आहे," तो म्हणाला. "आमचं दोघांचं ठरलंय. आईला नळी घालायची नाही."