वाकडी मी नव्हते

मी सायकल बोलतेय. भिलाईच्या सेक्टर सहामध्ये राहणाऱ्या भाऊरावांची काळी, दणकट सायकल. आज मला बोलायचंच आहे, कारण वर्षभर मी खोटा आळ सोसला.

भाऊराव स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. ड्यूटी कोणतीही असो, मी त्यांना गेटपर्यंत सरळ नेत असे. मग एका उन्हाळ्यात आम्ही दोघं डावीकडे जाऊ लागलो. आधी थोडं, मग पार नालीच्या काठापर्यंत. घरी आले की ते डोकं दाबत माझ्याच सीटला धरून उभे राहत आणि सांगत, "ही सायकलच डावीकडं ओढून राहिली."

मी? मी ओढते?

त्यांच्या मुलीला, उन्नतीला, शंका आली. "बाबा, तुमाले चक्कर येते का?"

"काही नाही येत. आन् बाहेर बोलू नको कोणापाशी. क्रेनवर चढणं बंद करतीन माझं."

म्हणून इलाज माझ्यावर झाला! लहानू मिस्त्रीनं मला उलटं टांगलं, आरे आवळले, बेअरिंगचे छर्रे बदलले. "काका, सायकल एकदम चकाचक आहे. तुमचीच कालची उतरली नाही वाटते," तो हसला. जन्मात थेंब न घेतलेले भाऊराव असे भडकले, की त्यानं मुकाट्यानं पुढचं चाक धरणारा माझा चिमटा उजवीकडे वाकवून दिला. दुखणं माणसाचं आणि हाड वाकवलं माझं!

तरी घरी येताना भाऊराव डावीकडेच गेले. दुसऱ्या दिवशी उन्नती मला घेऊन ट्यूशनला निघाली. मी तिला सारखी उजवीकडे नेत होते. ती परत आली ती तडक बाबांपुढे उभी राहिली. "बाबा, ही तर उजवीकडे जाते. मग तुमी अजून डावीकडे कसे जाता?"

भाऊराव खाली वाकून माझी चेन चाचपू लागले.

"मैं कुछ नहीं सुनूंगी. डॉक्टरकडे चला."

नेहरू नगरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे ते ऑटोनं गेले. संध्याकाळी उन्नतीच्या आईनं, सिंधुताईंनी, व्हरांड्यातच विचारलं, "काय केलं डॉक्टरनं?"

"काही नाही. चालाले लावलं," म्हणत भाऊराव एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत फरशीच्या रेषेवरून निघाले. चौथ्याच पावलाला डावीकडे कलले आणि त्यांनी मला घट्ट धरलं. मी भिंतीला टेकलेली होते. जागची हललेही नव्हते. सिंधुताईंनी ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

मग मशीनमधून फोटो निघाले. डोक्याच्या मागच्या बाजूला, तोल सांभाळणाऱ्या जागी गाठ होती. डॉक्टर म्हणाल्या, "एवढे दिवस कशाची वाट पाहत होता? उंचावर चक्कर आली असती तर?" उत्तर मी दिलं असतं. माझ्या दुरुस्तीची वाट पाहत होते!

रायपूरला ऑपरेशन झालं. ते घरी येईपर्यंत मी धूळ खात, एकेक आवाज ऐकत उभी होते. क्रेन सुटली, खालचं काम मिळालं. पण माणूस परत आला.

काल ते पहिल्यांदा माझ्यावर बसले. कोपऱ्यावर पोचण्याआधीच ओरडले, "उन्नती, आता मात्र ही खरंच ओढते वं! उजवीकडं!"

दोघं पोट धरून हसली. हसा, खुशाल हसा. पण आधी लहानूकडे चला आणि माझा चिमटा सरळ करा. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कोणी डोकं दाबत एकाच बाजूला झुकत असेल, तर कृपा करून त्याची सायकल दुरुस्त करू नका.