बाईंची कवळी

गल्लीत सगळे त्याला कवळीवाला म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एका लांबट टेबलाशी बसून तो एकतीस वर्षं कवळ्या बनवत होता. पुढच्या खोलीत डॉक्टर माप घेत, त्याचा प्लॅस्टरचा साचा मागे येई, आणि मेणावर एकेक दात लावत तो कुणाचं तरी हसू नव्याने उभं करी. माणूस बघायची गरज त्याला क्वचितच पडे. जबडा बघितला तरी पुरे.

टेबलावर त्याचा जुना टेपरेकॉर्डर असे. त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच आवाज चाले. बाईंचा. चाहते त्यांना नुसतं बाई म्हणत, जणू जगात दुसरी बाई नव्हतीच. कवळीवाल्याने बाईंचे सत्तेचाळीस कार्यक्रम ऐकले होते आणि सत्तेचाळीसही त्याला वेगवेगळे आठवत. एकदा ऐन मैफलीत वीज गेली आणि बाई पाऊण तास माइकशिवाय गायल्या, ती मैफल. अंगात ताप घेऊन गायल्या, आणि वरचा सूर लागेना तेव्हा तो लावायचं सोडून नुसत्या हसल्या, ती. सभागृहात मोजून सतरा माणसं होती आणि बाई सातशे लोकांसमोर गावं तशा गायल्या, तीही. त्या सतरांमधला आपण एक, हे सांगताना त्याची मान दोन बोटं उंच व्हायची.

पण सगळ्यांत लाडकं त्याचं दाराचं गाणं. कुणीतरी दाराशी येऊन उभं आहे आणि कडी वाजवत नाही, एवढाच त्याचा विषय. चौतीस वर्षांपूर्वी, तो पंचवीस वर्षांचा असताना, खुल्या रंगमंचावर बाईंनी ते गायलं. दुसरं कडवं संपलं, बाई थांबल्या, वादकही थांबले, आणि कवळीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई, परत म्हणा!" लोक हसले. पुढे त्या कार्यक्रमाची कॅसेट निघाली आणि तिच्यात हा आवाज जसाच्या तसा आला. स्वच्छ, खणखणीत. हजारो घरांत वाजलेल्या बाईंच्या आवाजाशेजारी त्याचेही तीन शब्द होते.

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती कॅसेट ऐकावीच लागे. कवळीवाला बोट वर करी, "आता येईल बघा" म्हणे, आणि तो आवाज आला की छातीवर हात ठेवून सांगे, "हा मी."

त्याची बायको अशा वेळी उठून आत जाई. बायकोला गाण्याचा कान नाही, असं तो पाहुण्यांना हसत हसत सांगे. त्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिच्या माहेरून निरोप आला होता की आईचं काही खरं नाही, लगेच निघा. कवळीवाला म्हणाला होता, तिकीट काढलेलं आहे, उद्या सकाळी पहिल्या गाडीने जाऊ, एका रात्रीत काय होणार आहे. आई त्याच संध्याकाळी सातच्या सुमारास गेली. बायको पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तेव्हापासून चौतीस वर्षं तिने त्या संध्याकाळचा आवाज पाहुण्यांगणिक ऐकला. तिने कधी तक्रार केली नाही आणि त्याच्या कधी लक्षातही आलं नाही. तो वाईट माणूस होता असं कुणी म्हणालं नसतं. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं, एवढंच.

आणि मग एके दिवशी डॉक्टरांनी मागच्या खोलीत डोकं घालून त्याला पुढे बोलावलं. डॉक्टर त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्याला काका म्हणत. खुर्चीत बाई बसल्या होत्या.

त्याने त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तोंडात एकही दात नसल्याने गाल आत गेले होते आणि हनुवटी नाकाकडे सरकली होती. दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी माप घेतलं होतं ते कुणाचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या जबड्यावर तो चार दिवस मेणात दात लावत होता तो बाईंचा होता. 

मेणातली कवळी बाईंच्या तोंडात घालून बघायची होती. डॉक्टरांनी त्यांना साठपासून मोजायला सांगितलं, कारण त्या आकड्यांत 'स' फार येतो, आणि दात कुठे अडतात ते 'स' ताबडतोब सांगतो. बाई मोजत गेल्या. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. एकही अक्षर घसरलं नाही. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, हे काका तुमचे फार मोठे चाहते आहेत बरं का.

कवळीवाल्याने या क्षणासाठी वर्षानुवर्षं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. मग त्याने आपलं एकमेव ओळखपत्र पुढे केलं.

"बाई, त्या खुल्या रंगमंचाच्या कॅसेटमध्ये, दाराच्या गाण्यात, 'परत म्हणा' म्हणणारा आवाज आहे ना, तो माझा."

बाईंनी खुर्चीतून त्याच्याकडे बघितलं.

"ते गाढव तुम्ही होतात?"

त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसायला लागला. बाई हसल्या नाहीत.

"त्या कडव्यानंतर थांबायचं, हे मला दोन वर्षं गाऊन सापडलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडलात आणि लोक खिदळले. बरं, एकदाच झालं असतं तर मी विसरले असते. पण कॅसेट घरोघरी गेली. पुढे मी जिथे जाईन तिथे, त्याच जागी कोणी ना कोणी ओरडायचंच, बाई, परत म्हणा. त्यांना वाटायचं तो गाण्याचाच भाग आहे. शेवटी मी ते गाणं टाकून दिलं."

बाईंनी दाराचं गाणं का सोडलं, यावर चाहत्यांमध्ये तीस वर्षं वाद होता. कवळीवाल्याचं स्वतःचं मत असं होतं की त्या गाण्यात बाईंचं काहीतरी खासगी दुःख असावं.

"आता ती कॅसेट नव्याने निघतेय," बाई पुढे म्हणाल्या. "मी त्यांना पहिलं काम हेच सांगितलं, की हा आवाज पुसा. पुसला त्यांनी. आता कसं ऐकण्यासारखं झालंय." मग त्यांनी डॉक्टरांकडे मान वळवली. "काम करताना तरी गप्प बसतात ना हे?"

डॉक्टर हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

कवळीवाला मागच्या खोलीत आला. त्या दिवशी त्याने टेप लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बाईंची मेणातली कवळी समोर घेतली. ती पक्की करायची होती. वरच्या समोरच्या दातांमागे, जिथे जीभ टेकते तिथे, त्याने मेणाचा एक थर वाढवला. नखाच्या जाडीचा असेल, जास्त नाही. डोळ्याला दिसला नसता, घास खाताना जाणवला नसता. पण तेवढ्याने जिभेची जागा आवळते आणि 'स' म्हणायला गेलं की शीळ वाजते. हे त्याला एकतीस वर्षांच्या कामातून ठाऊक होतं. बाई कुठली गाणी गातात आणि कुठल्या गाण्यात किती 'स' आहेत, हे सत्तेचाळीस कार्यक्रमांतून ठाऊक होतं. दोन वर्षांच्या खंडानंतर बाईंचा कार्यक्रम ठरला होता, येत्या रविवारी सकाळी, आणि त्या शेवटी सांजेचं गाणं गाणार हे नक्की होतं. त्याच्या ध्रुवपदात सात 'स' होते.

थर अगदी सफाईने बसला.

शुक्रवारी बाईंनी कवळी नेली. बोलताना थोडं वेगळं वाटतंय, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांच्या दारात पाच माणसं खोळंबली होती. नवी आहे, जिभेला सवय व्हायला आठवडा जातो, असं सांगून त्यांनी बाईंना वाटेला लावलं.

रविवारी कवळीवाल्याने बायकोला सोबत चल म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिला नवल वाटलं, पण ती साडी बदलून आली. सभागृह पाऊण भरलं होतं. पुढे जुने चाहते होते, मागे त्यांनी ओढून आणलेली तरुण मंडळी. पहिल्या गाण्यात दोन-तीनदा शीळ आली ती वाद्यांत बुडाली. दुसऱ्या गाण्याला बाईंचा चेहरा बदलला. त्या 'स' आला की शब्द गिळायला लागल्या. तेवढ्यासाठी सुराकडे दुर्लक्ष झालं आणि सूरही उतरला. तिसरं गाणं त्यांनी अर्ध्यात सोडून थेट सांजेचं गाणं घेतलं, बहुधा हक्काचं म्हणून. ध्रुवपदाची पहिली ओळ आली आणि एकापाठोपाठ चार शिळा वाजल्या. मागून एक मुलगी फिसकन हसली. दुसऱ्या ओळीला कुणीतरी बाईंना शिट्टीने उत्तर दिलं. मग हशा मागच्या रांगांतून पुढे पुढे येत गेला, आणि चाळीस वर्षं बाईंसाठी जीव टाकणारी माणसं तोंडाला रुमाल लावून खांदे गदगदवू लागली.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. हाताआडून एक ओळ गायल्या. तीही वाजली.

कवळीवाल्यालाही हसू आलं. अगदी पोटातून आलं आणि त्याने ते दाबलं नाही. बायको रंगमंचाकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

बाईंनी हात जोडले, घसा ठीक नाही म्हणाल्या आणि आत गेल्या. चार दिवसांनी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, की बाई यापुढे जाहीर गाणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्या दवाखान्यात आल्या त्या खाताना हिरडी दुखते म्हणून. डॉक्टरांनी कवळी हातात घेतली, अंगठा आतून फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. मग ती घेऊन मागच्या खोलीत आले, मोटर सुरू केली आणि तो थर घासून काढला. पाच मिनिटांचं काम. मोटर चालू ठेवूनच त्यांनी विचारलं, "काका, हे चुकून झालं ना?"

कवळीवाला म्हणाला, चुकून.

डॉक्टरांनी मान हलवली. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. "मग चुकूनच झालं," ते म्हणाले, "आणि तेही आपल्या दोघांतच."

दुखत होतं तिथे घासलंय, एवढंच त्यांनी बाईंना सांगितलं. बाई निघताना मागच्या दाराशी आल्या. आता त्यांचे 'स' साफ होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"त्या दिवशी मी तुम्हाला नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी जिभेला हाड राहत नाही. आणि बघा, तीच जीभ कशी उलटली माझ्यावर. तुम्ही दात इतके छान दिलेत, मोजताना एकही अक्षर अडलं नव्हतं, पण जीभच गेली, त्याला तुम्ही काय करणार?"

त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. जीभ शाबूत आहे, बाई, उद्यापासून गा. बाई दाराशी होत्या तोवर ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. "जपून जा," एवढंच तो म्हणाला.

महिन्याभराने चाहत्यांनी बाईंसाठी एक सभा भरवली. बाई आल्या नाहीत. सगळ्यांत जुना चाहता म्हणून कवळीवाल्याला बोलायला उभं केलं, आणि तो असा काही बोलला की माणसं खिळून राहिली. वीज गेलेली मैफल, तापातली मैफल, सतरा माणसांची मैफल, एकेक उलगडून सांगितली. कुठल्या सुरावर बाई डोळे मिटायच्या, कुठल्या शब्दाआधी श्वास घ्यायच्या, सगळं. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. बोलता बोलता त्यालाही मध्येच थांबून डोळे पुसावे लागले, आणि ते खोटं नव्हतं.

तो बसणार तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "आणि त्या शेवटच्या कार्यक्रमाला होतात का तुम्ही?"

"नाही," कवळीवाला म्हणाला. "माझं दैव आडवं आलं. नाहीतर त्या हसणाऱ्यांची थोबाडं रंगवली असती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा बायकांच्या रांगेतून त्याची बायको उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून आवाज जरा चढाच लागला.

"होते ते. मी शेजारीच होते. सगळ्यांत जास्त तेच हसत होते."

एवढं बोलून ती खाली बसली. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि चहा तयार आहे असं जाहीर केलं. कवळीवाल्याच्या हातात माइक तसाच होता. मास्तर डोळे पुसायचे थांबले होते. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठले, आणि चहाकडे जाताना त्याच्या अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने वळसा घेऊन गेले. मग बाकीचेही तसेच गेले.

घरी जाताना त्याने बायकोला विचारलं की भर सभेत हे बोलायची काय गरज होती.

"त्या माणसाने विचारलं," ती म्हणाली, "म्हणून सांगितलं."

सिग्नल लागला होता. ती पुढे झाली आणि त्याच्यासाठी न थांबता रस्ता ओलांडून गेली.