कातळाच्या अलीकडे

एका बाटलीवर काकाच्या अक्षरात ‘वर’, दुसरीवर ‘खाली’ — आणि श्रेयाच्या वहीत दोन्हींपुढे तेच आकडे. क्षारांचे, नायट्रेटचे, जंतूंचेही. तिने उपकरण धुऊन पुन्हा मोजलं... तेच.

परळच्या या प्रयोगशाळेत तीन वर्षं काढल्यावर तिला एवढं कळत होतं, की पाणी इतकं सारखं नसतं. गावचा पऱ्या म्हणजे एवढासा ओढा. पण डोहातून निघून, वरच्या वाडीचे गोठे आणि मोऱ्या पोटात घेत तो बौद्धवाडीशी येतो — आणि वाटेत काहीच मिसळत नाही? उद्या ग्रामसभा. नळाची विहीर गोठ्यांच्या वर, डोहापाशी नवी खोदायची की खाली आहे तीच ठेवायची, हे या कागदावर ठरणार. पऱ्या एकच, पाणीही एकच, असं सरपंच आधीपासूनच म्हणत होता.

गौतमकाका बाहेर बाकावर बसला होता. तीन दिवस लालबागला तिच्याच घरी राहिलेला. आता रिपोर्ट घेऊन संध्याकाळची एसटी.

“काका, ‘वर’ची बाटली कुठे भरलीत?”

“वरच की, बाय. मोठ्या कातळाशी.”

कातळ गोठ्यांच्या खाली होता. तिने विचारलं, पलीकडे, डोहाशी का नाही?

तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. “आपलं वर म्हंजे कातळच. आज्यापासनं.” मग जरासा हसला. “कोण अडवूक नव्हता गो. पाय थांबले.”

ती आत आली. प्रयोगशाळेच्या विनीत सरांनी दोनदा विचारलं होतं, सही झाली का म्हणून. नमुना बाद लिहिला, तर उद्या काका रिकाम्या हाताने उभा. आणि डोहाचा आकडा साधारण किती येईल हे तर तिला माहीत होतं, एक ओळ, कोण तपासणार... पेन टेकलं आणि तसंच राहिलं.

एप्रिलमध्ये काकाला बाटली भरायला तिनेच शिकवलं होतं — तोंड प्रवाहाकडे, आत बोट नाही, झाकण खाली ठेवायचं नाही — आणि हे सगळं दाखवताना मी उभी होते ती कातळाशी. बूट नवे होते. त्याआधी, कॉलेजात असताना, शेवाळ होतं. त्याही आधी, आठ वर्षांची असताना, ऊन फार होतं... दर वेळी कारण माझंच होतं, अगदी खरं, आणि जागा तीच.