बाईसाहेबांचं केळं

माझ्या नवऱ्याचा सगळ्यात जास्त जीव कुणावर आहे, असं कुणी विचारलं तर मी पटकन सांगेन, एका उंदरावर. त्यातही मादी. मांजराएवढी मोठी, करड्या रंगाची, गालात खाऊ साठवायच्या पिशव्या असलेली. त्याच्या प्रयोगशाळेच्या कागदावर तिला नुसता एक आकडा आहे, पण हा तिला 'बाईसाहेब' म्हणतो. मला लग्नापासून 'अगं'च्या पुढे कधी हाक मारली नाही.

बाईसाहेबांचं काम टीबी हुंगायचं. दवाखान्यांतून छोट्या डब्यांत थुंकीचे नमुने येतात. ते तापवून त्यातले जंतू मारतात, वास तेवढा उरतो. मग त्या डब्या एका लांब काचेच्या पेटीखाली ओळीनं लावतात. पेटीच्या तळाला भोकं असतात आणि बाईसाहेब एकेका भोकाला नाक लावत पुढे जातात. टीबीचा वास आला की थांबतात, पंजानं खरवडतात आणि मान वर करून माझ्या नवऱ्याकडे बघतात. ज्या डबीवर त्या थांबल्या, ती पुन्हा तपासायला मोठ्या मशीनवर जाते. दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली न दिसलेला टीबी त्यांनी कितीदा तरी पकडून दिला आहे.

"माणूस चुकेल, मशीन चुकेल, बाईसाहेब चुकणार नाहीत," हे वाक्य आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं चहाबरोबर ऐकलेलं आहे.

मशीननं बाईसाहेबांची बाजू घेतली की हा आपल्या जेवणाच्या डब्यातलं केळं त्यांना द्यायचा. ते केळं ठेवायची ताई, म्हणजे माझी नणंद. "आमच्या बाईसाहेबांना माझ्याकडून," असं म्हणत ती रोज एक केळं जास्तीचं भरायची. भावाच्या कामाचं तिला भारी कौतुक. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली, तेव्हापासून पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन असतं. उशांचे अभ्रे शिवते. आमची लेक चिंगी तिच्याच कुशीत झोपते.

ताईचा खोकला जाईना आणि ती दुपारची मशीनवरच डोकं टेकायला लागली, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, काही निघालं नाही. तरी माझ्या मनातली पाल चुकचुकत होती. मी तिचा पेला वेगळा ठेवला आणि चिंगीला माझ्याजवळ झोपवायला लागले. कुणी काही बोललं नाही, पण ताईला कळलं. ती स्वतःच ताट घेऊन खिडकीशी जेवायला बसू लागली.

शेवटी नवरा म्हणाला, "एक डबी दे. बाईसाहेबांना विचारतो." डबी त्यानं स्वतः नेली, चिठ्ठी स्वतः चिकटवली.

संध्याकाळी तो दारात चपला काढतोय तोच ताईनं विचारलं, "काय म्हणाल्या रे?"

"पुढे गेल्या," तो म्हणाला. "थांबल्यासुद्धा नाहीत. तू ठणठणीत आहेस. आता सोंगं पुरे!"

ताई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. मला तर हायसंच वाटलं. मी तिचा पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत मिसळला आणि त्या रात्री चिंगी परत आत्याच्या कुशीत गेली. नंतर ताई थकून बसली की हा चिडवायचा, "आळशीबाई, उठा!" मग ती खरंच उठायची, मशीनला हात लावायची. कधी कधी मीही त्याच्या सुरात सूर मिसळला. ते आठवलं की मान वर होत नाही.

मग चिंगीला ताप यायला लागला. सारखा बारीक ताप, आणि पोरगी सुकत चाललेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या तपासण्या केल्या, छातीचा फोटो काढला आणि मला समोर बसवून सांगितलं, "टीबी आहे. औषधानं बरी होईल. पण एवढ्याशा लेकराला हा घरातूनच होतो. घरातल्या सगळ्यांचे नमुने द्या." ते नमुने नर्सनं घेतले आणि नेहमीसारखे नुसत्या आकड्यांनी प्रयोगशाळेत गेले.

तो भर दुपारी घरी आला. एरवी दुपारी कधीच येत नाही. पुढच्या खोलीत ताईचं मशीन चालू होतं. तो सरळ स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"ताई आहे," तो म्हणाला. "आज बाईसाहेब एका डबीवर थांबल्या. मशीनवरही निघालं. मग त्या आकड्यामागचं नाव आलं."

"पण मागे तर..."

"मागेही थांबल्या होत्या."

माझ्या हातात लाटणं होतं. ते मी खाली ठेवलं.

"डबी मी नेली होती ना," तो म्हणाला. "तिच्यावर माझ्या हाताचा वास होता. आपल्या घराचा. मला वाटलं, बाईसाहेब ओळखीच्या वासाला थांबल्या. नव्या उंदरांचं असं होतं कधी कधी. मी डबी पुढे पाठवलीच नाही."

"बाईसाहेब काय नव्या आहेत?"

तो ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करायला लागला.

"आणि घरी येऊन 'पुढे गेल्या' का सांगितलंस?"

"माझ्या घरात टीबी निघाला असं सगळ्यांना कळलं असतं. मला लाज वाटली गं."

त्या क्षणी मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण पेले वेगळे करणारी मीच होते. लाज काय त्याला एकट्यालाच वाटली होती! मी एवढंच म्हणाले, "आत्ता जा आणि सांग. नाहीतर मी सांगते."

आम्ही दोघं पुढच्या खोलीत गेलो. ताईनं मशीन थांबवलं. आमची तोंडं बघून तिला अर्धं कळलंच.

"माझं निघालं ना?"

त्यानं मान डोलावली.

"चिंगीला माझ्यामुळेच झालं." ताईनं पदर तोंडाला लावला. बराच वेळ रडली. मग डोळे पुसून, वर भावाचीच समजूत घालायला लागली. "तू कशाला तोंड पाडून बसलास बाळ्या? तू तपासलंस की. बाईसाहेब चुकल्या त्याला तू काय करणार? मुकं जनावर ते. चुकतं एखाद्या वेळी."

तो खाली बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्याचं घरातलं नाव राहिलं असतं, ताईचा भाऊ राहिला असता. एक उंदीर तेवढा खोटा पडला असता, आणि उंदराला कोण विचारतंय? त्यानं एकदा 'हं' केल्यासारखं केलं.

"चुकल्या नाहीत," तो म्हणाला. "थांबल्या होत्या ताई. खरवडलं, माझ्याकडे बघितलं. मीच त्यांना पुढे ढकललं."

अर्धवट शिवलेला अभ्रा मशीनवर तसाच होता. ताईनं त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"आणि मला वाटत होतं, मी आळशीच झालेय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून स्वतःला शिव्या द्यायचे."

"ताई..."

"त्या दिवशीसुद्धा मी केळं दिलं होतं," ती म्हणाली. "बाईसाहेबांसाठी. त्याचं काय केलंस?"



"मी खाल्लं," तो म्हणाला.