आठच्या मालिकेतला भूकंप

त्या सोमवारी आईनं मला फोनवर सांगितलं की आठच्या मालिकेत भूकंप झाला.

"मुंबईत?" मी विचारलं.

"तर! एवढा मोठा बंगला, बसला की खाली. आता समदे पत्र्याच्या शेडात ऱ्हायलेत. सासू, सून, अद्वैत अन् अद्वैतचा तो निनाद. एकाच शेडात. मधी साडीचा पडदा."

मी नांदेडच्या घरी मेथी निवडत होते. आलिया समोर बसून मी निवडलेल्या मेथीतून पुन्हा काड्या काढत होती. आलिया माझी कोण, हे मी आईला कधीच सांगितलं नव्हतं. आईच्या लेखी ती माझ्यासोबत राहणारी मैत्रीण होती, आणि मी ते तसंच राहू दिलं होतं.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. म्हणून लातूरच्या ट्यूशन एरियातल्या तिच्या मेसवर डॉक्टर होऊ घातलेली पोरं जेवून गेली, की आई मला फोन करून त्या दिवशीचा भाग सांगायची. अद्वैत लग्न झालेला. ऑफिसातल्या निनादशी त्याचं जमलं होतं. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बायकोला फसवलं ते वाईटच," आई म्हणाली होती. "पण मी म्हणते, लग्नाच्या आधी एकानं तरी विचारायचं की, बाबा, तुझ्या मनात कोण हाय? न्हाई विचारलं. मंगल कार्यालय बुक केलं."

त्यानंतर तिनं मला स्थळं सांगणं बंद केलं. माझं वय झालं म्हणून असेल, असं मी धरून चालले.

मालिका पुढं फारच रंगली. सुनेनं घटस्फोट घेऊन फिजिक्सचे क्लास काढले आणि पहिल्याच बॅचची पोरं मेडिकलला लागली. सासूनं निनादला भाकरी थापायला शिकवलं; त्याच्या भाकरीला पापुद्रा येईना म्हणून एक अख्खा आठवडा गेला. मी आयुष्यभर पुस्तकं वाचलेली बाई. मराठी मालिकेच्या लेखकाची ही झेप पाहून मी चकित झाले. लोह्याच्या एका चर्चासत्रात मी 'मालिकांतील समलिंगी नात्यांचे बदलते चित्रण' असा निबंधही वाचला. मालिका बघतो, हे कबूल करायला एकही प्राध्यापक तयार नसल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. उलट शाल मिळाली.

"मग सासू काय म्हणाली?" मी सोमवारी विचारलं.

"काय म्हणंल? भूकंपात तिचं माणूस गेलं. ती म्हणाली, हायेत ते हायेत. पडदा काढा, वारं येत न्हाई." मग आईनं विचारलं, "आलिया जेवली का?"

"आता जेवू."

"तिला आधी वाढ. तू लई सावकाश जेवतीस."

मंगळवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता आई भिंतीला टेकून बसली, ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही आईच्या समाधीवर जाऊन आलो. संध्याकाळी मेसच्या हॉलमध्ये गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. माझे गुरुपादप्पा मामा खुर्चीवर होते. आलिया दाराबाहेर, चपलांशेजारच्या पायरीवर होती. तिला तिथं बस असं कुणी म्हटलं नव्हतं. आत ये, असंही नाही.

आठ वाजत आले तशा बायका चुळबुळू लागल्या. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या झाकलेल्या टीव्हीकडे.

"लावावा का?" शेजारच्या शिवकांताकाकूंनी विचारलं. त्या रोज आईसोबत बसून मालिका बघत. "कावेरीबाईचा एक दिवस चुकला न्हाई कधी."

"मयताच्या घरात टीव्ही?" मामा म्हणाले. "सुतक हाय का काय हाय?"

"आपल्या लिंगायतांत कुठं सुतक असतंय, आप्पा? बसवण्णांनी काढून टाकलंय."

"ते टीव्हीसाठी काढलंय का, काकू?"

"मग कशासाठी काढलंय ते तुम्ही सांगा."

टीव्ही लागला.

पडद्यावर संगमरवरी जिना, झुंबर. बंगल्याला कुठं तडासुद्धा नव्हता. वीज कडाडली आणि एका गोऱ्या तरुणाचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दिसला. तो दुधाच्या पेल्यात कसलीशी पूड टाकत होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"निनाद. सुनेला मारायलाय मेला."

"बंगला परत बांधला का?"

"पडला कधी?"

"भूकंपात."

बायका माझ्याकडे बघू लागल्या. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडून घे, राजकन्या. दाबून ठिवलं की डोक्यात जातंय."

"काकू, सासूनं निनादला भाकरी शिकवली ना?"

"भाकरी? कुत्रं सोडलं होतं त्याच्यावर! तो आल्यापासून त्या घरात एक दिवस दिवा लागला न्हाई धड. तुझी आई लई तावातावानं बोलायची टीव्हीला. 'ह्या लिहिणाऱ्या मुडद्यांना कळतंय काय, कधी कुणाच्या घरात जाऊन बघितलंय का,' म्हणायची. संपलं की फोन घिऊन वर गच्चीवर. आम्हाला वाटायचं, पोरीला भाग सांगायली."

"सांगत होती," मी म्हणाले.

किल्लारीच्या भूकंपात माझे वडील गेले. मी आणि आई पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मध्ये साडी बांधून. पलीकडं दुसरं कुटुंब. हे मला पाठ होतं. तरी मुंबईच्या मालिकेत किल्लारी आली तेव्हा मी लेखकाचं कौतुक केलं होतं.

जाहिराती लागल्या. मामांनी बाहेर बघितलं.

"ती नांदेडची पोरगी अजून हितंच हाय? जेवू घाला तिला अन् शेवटच्या गाडीत बसवा. परक्या माणसाला किती ताटकळत ठिवायचं?"

काकू ताट करायला उठल्या. मी त्यांच्याआधी उठले, टीव्ही बंद केला. बायका हळहळल्या. दारातून हाक मारली, तशी आलिया उंबऱ्यापाशी येऊन थांबली. मी तिचा हात धरून तिला आत घेतलं.

"मामा, ही परकी न्हाई," मी म्हणाले. "माझा संसार हिच्यासोबत हाय. आईला माहीत होतं."