एकीपुरतं काम

नखाच्या कडेला निळा रंग अजून होता... जीन्सच्या कापडाचा, पुसट झालेला. काम सुटून दोन महिने झाले तरी मापुलेंगने तो घासून काढला नव्हता. कारखान्याच्या फाटकाशी बाकीच्या बाया हात काखेत दाबून उभ्या होत्या, मासेरूतला जून, ऐन हिवाळ्याचा, हाडांत शिरत होता, आणि ती बोटं उघडी ठेवून बघत होती. अमेरिकेत लोकांनी जीन्स घ्यायच्या कमी केल्या म्हणे, अन् इथे चुली थंडावल्या. त्या न पाहिलेल्या माणसांचं आपण काय घोडं मारलं होतं?

शेजारी मालिनेओ खोकली. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एकाच घोंगडीत निजायच्या. खिसे लावायला तिनेच शिकवलं होतं. सुई बोटातून आरपार गेली तेव्हा चिंधी बांधून, मापुलेंगच्या वाटचे खिसेही तिनेच लावले होते... "एकीला काम मिळालं तरी मक्याच्या पिठाचा पापा शिजेल तो दोघींचा," हे बोलणंही तिचंच.

ताऊ कारकून बाहेर आला. "आज एकच हवी. खिसेवाली."

दोघी पुढे झाल्या.

"मघाशी खोकलं कोण? आजारी बाई आत नकोय."

मापुलेंगने फक्त मालिनेओकडे पाहिलं — क्षणभरच — आणि ताऊने ती नजर पकडली.

"तू चल."

"जा की गं! तोंड बघ, जशी सासरीच निघालीय," मालिनेओ हसली. तिला कळलं नसेल... की कळलं म्हणूनच हसली?

मशीनवर पाय ठेवला आणि मापुलेंगला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाटतही होती, पण पाय मजेत चालले होते.

जेवणाच्या सुट्टीत ताऊ म्हणाला, "उद्याही एकच लागेल. ती दुसरी बरी असली तर तिलाच घेऊ. तिचा हात साफ आहे."

"बरं, दादा."

घरी जाताना बाजारातून लेंगानाचा कडू पाला न्यायचा, मालिनेओला खोकल्यावर काढा करून द्यायचा, हे सकाळीच ठरलं होतं. दोन काढ्यांत सकाळपर्यंत छाती मोकळी होते... पण बाजार लांब पडतो. शिवाय थंडी. परवा आणू, परवा नक्की — असं तिने मनाशी म्हटलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तरीही त्या 'परवा'चं 'आज' होईना.