माझी माती झालीच नाही

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना डायपर आहे, आणि खरं सांगायचं तर मी जुना व्हायलाच नको होतो. सहा महिन्यांत माझी माती होणार, असं पुडक्यावर छापलं होतं. माझ्या अंगावर हिरव्या पानाचं चित्रही होतं. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

डोणगावजवळच्या एका खेड्यातल्या सुवर्णाताईंनी मला मेहकरहून आणलं. त्या गावच्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या सेविका. कोणत्या बाळाला लसीचा डोस कधी, हे दारोदार जाऊन सांगणं त्यांचं काम. घरी सात महिन्यांची लेक. नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि लंगोट दिवसाला पंधरा. ते धुऊन सासूबाईंचा, मनकर्णाबाईंचा, काटा ढिला झाला होता.

साधे डायपर मनकर्णाबाईंना चालत नव्हते. बाळाची घाण जाळली की बाळाच्या अंगाची आग होते, असं त्या मानायच्या. उघड्यावर टाकली तर कुत्री गावभर नेतात. मातीत जाणारा म्हटल्यावर मात्र त्या राजी झाल्या. मग काय, माझा भाव वधारला. शेजारणींना बोलावून त्या मला कौतुकानं दाखवायच्या. ताईंनीही घरोघरी माझं नाव सांगितलं. गावातल्याच पूनमचंही लेकरू लहान; तिनं तर त्यांच्या शब्दावर डोळे झाकून माझी भावंडं आणली आणि वापरून आपल्या उकिरड्यात पुरली.

काम संपल्यावर मलाही उकिरड्यात पुरलं. शेणाचं खत झालं, पालापाचोळा ओळखू येईना. मी आपली वाट पाहत राहिलो. पोटातला लगदा गेला, पण बाहेरची पातळ कातडी तशीच. तेव्हा कळलं, ती प्लॅस्टिकची होती. मला घडवणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्यांनी जन्म दिला त्यांनीच फसवलं, याचं फार वाईट वाटतं हो.

उन्हाळ्यात सासऱ्यांनी, कडूबांनी, ते खत शेतात पसरलं. मी सगळ्यांदेखत वर आलो, अंगावरचं पान अजून हिरवंगार. कडूबा वाकून आम्हांला एकेक वेचत राहिले.

"तुनं तं म्हटलं होतं, मातीत जाते म्हनून," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पुडक्यावर तसंच लिहेल होतं, आई," ताई म्हणाल्या.

ताईंना भीती एकच होती. दुसऱ्याच दिवशी गावात डोस होते. खोट्या ठरलेल्या आशाताईचं कोण ऐकणार? दुसऱ्यांच्या शेतात सापडण्याआधी आपणच सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. मला धुतलं, पिशवीत घातलं आणि त्या पूनमच्या दारी गेल्या. आपण फसलो आणि तुलाही फसवलं, हे त्यांनी सरळ कबूल केलं. पूनमनं मला उलटंपालटं करून पाहिलं. मग कडेवरच्या लेकराला जवळ ओढत तिनं विचारलं, "ताई, डोसाच्या बाटलीवर बी असंच लिहेल राहते ना?"

बाटलीवरचं खरं होतं. ताईंनी परोपरीनं समजावलं, पण त्यांच्या शब्दाला आता वजन उरलं नव्हतं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही बनवाल, विकाल. जे नाही ते त्यावर छापू नका. माझं काय, मी कुठंही पडून राहीन. पण दुसऱ्या दिवशी ताई दुपारपर्यंत वाट पाहत बसल्या, आणि पूनम लेकराला घेऊन डोसाला आली नाही.